खांदेमळणीचं आवतन

बर्माच्या आघाडीवर आमच्या सेक्शनची पोस्टिंग एका डोंगराच्या पायथ्याशी होती. आम्ही सगळे मध्यप्रांत-वऱ्हाडातले. काम एकच, दारूगोळ्याच्या पेट्या खांद्यावरून वरच्या चौकीत पोचवायच्या. त्या चढावर खेचरं घसरत, म्हणून आम्ही. रोज तेच. खांदे सोलून निघाले होते.

लोक मला विचारतात, माणूस जीव तोडून काम करतो ते कशानं? पगारानं? धाकानं? अरे बाबा, दोन्ही होतं की आमच्याकडे!

त्या दिवशी खेप टाकून नुकतेच खाली आलो होतो. वायरलेस खरखरला. "शत्रू काटेरी तारेपर्यंत आलाय. गोळ्या संपत आल्या. अंधाराआधी पोचवा. ओव्हर."

लेफ्टनंट साहेबांनी आधी बक्षीस कबूल केलं, मग कोर्ट मार्शलचा दम दिला. कोणी उठलं नाही. उठवतच नव्हतं हो! वर आमच्याच पलटणीची पोरं मरणार होती, तरी पाय हलेनात.

आमच्या सेक्शनचा नाईक गणपत, घरी उंद्री गावचा कास्तकार. तो लंगरात, आमच्या फौजी स्वयंपाकघरात गेला, तूप-हळद घेऊन आला आणि मागून माझे खांदे चोळायला लागला.

"नाईक, मले काय बैल समजून राह्यले का?"

"हाव. चूप बस. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

पोळ्याच्या आदल्या सांजेला आमच्याकडे बैलांचे खांदे असेच मळतात आणि त्यांना हेच आवतन देतात. सगळे फिसकन हसले. गणपतनं एकेकाचा खांदा मळला. मला तर आईच आठवली.

मी म्हणालो, "नाईक, तुमचा खांदा?"

"आधी पेट्या पोचू दे. मंग मळजो."

पेटी उचलून तो पुढे निघाला. मग मागे कोण बसून राहतो?

शेवटच्या चढावर मशीनगन सुरू झाली. "लेटा! पेटी पुढं ढकला!" गणपत ओरडला. आम्ही सरपटत गेलो. खंदकाच्या तोंडाशी त्यानं पेटी आत लोटली आणि तिथंच पडला. मी त्याला आत ओढलं, तोवर तो गेला होता.

चौकी टिकली. पहाट होईपर्यंत आमच्या गोळ्या चालत होत्या.

उजाडल्यावर मी त्याचा शर्ट बाजूला केला. खांदा पेटीनं सोलून रक्ताळलेला होता. माझ्या खांद्यावर उरलेलं तूप बोटानं निपटून मी त्याच्या खांद्याला लावलं. तेव्हा मी रडलो.

आता जानेफळला माझी शेती आहे, बैलजोडी आहे. दरवर्षी खांदेमळणीला मी त्यांचे खांदे मळतो. "आज आवतन घ्या" एवढंच म्हणतो. "उद्या जेवाले या" हे माझ्या तोंडून निघत नाही. ते आमची घरची म्हणते.