ब्रेकवरची काठी

गाडीतलं मला कळतं, असा माझा समज होता. समज कसला, माज होता. तेवीस वर्षं दहावीच्या पोरांना विद्युतधारा शिकवतोय. बॅटरी, बल्ब, स्विच हा चौकोन मी फळ्यावर डोळे मिटून काढतो. म्हणून माझ्या अठरा वर्षं जुन्या गाडीला मी सहसा मेकॅनिकचा हात लागू देत नाही. बायको म्हणते, "तुम्ही गाडी दुरुस्त नाही करत, तिची तोंडी परीक्षा घेता." घेतो. त्यात काय चुकलं?

मागच्या हिवाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना ती नांदेडला आमच्याकडं होती. वॉकर सुटून काठीवर आली आणि तिनं धोशा लावला, "मला मुखेडला नेऊन सोड बाबा, इथं भिंतीला किती बघू." मुखेडला थोरला भाऊ असतो, तोच अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, किराणा दुकान बघतो. रविवारी दुपारी दोनला निघू म्हणालो. निघता निघता साडेचार झाले, कारण आईचं पाणी भरायचं राहिलं होतं.

आईचं पाणी म्हणजे गोदावरीचं पाणी. मुखेडच्या आमच्या महादेवाला ती दर सोमवारी त्याच पाण्यानं अभिषेक करते. अप्पा नांदेडला माल भरायला यायचे तेव्हा न चुकता न्यायचे. ते गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. महिन्याला दहा लिटरचा एक कॅन. तो डिकीत डाव्या कोपऱ्यात ठेवायचा, स्टेपनीला टेकवून, म्हणजे कलंडत नाही. झाकण जरासं गळायचं. आई दर वेळी म्हणायची, "नवा कॅन घे रे, निम्मं पाणी गाडीच पिते." मी झाकणाखाली कॅरीबॅगचा तुकडा दाबायचो आणि म्हणायचो, "काही होत नाही."

मागच्या सीटवर उशा लावून आईला आडवं बसवलं, पाय लांब. कंधार सोडलं तेव्हा सूर्य बुडाला होता. सीझन सुरू होता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालले होते आणि त्यांच्या मागं ट्रकांची घाई. मी दिवे लावले. पाचेक किलोमीटर गेलो असेन, तर एक मोटारसायकलवाला शेजारी आला आणि काचेवर हात मारून ओरडला, "ओ सर! मागून एकबी लाईट न्हाई तुमचा! आत्ता शिरलो असतो आत!"

तोंडचं पाणी पळालं. मागं कोण बसलंय? आई. मागून कुणी धडकला तर पहिला दणका तिलाच, आणि खुबा पुन्हा मोडला तर ती उठायची नाही, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. गाडी कडेला घ्यायला गेलो, तर पाइपलाइनसाठी साइडपट्टी खोदून ठेवलेली, हातभर खोल. निम्मी गाडी डांबरावरच राहिली.

"काय झालं?"

"काही नाही. मागचे दिवे गेलेत. पाच मिनिटं."

आईनं जप सुरू केला. का, ते मला माहीत होतं. अप्पा याच रस्त्यावर गेले. मी तेव्हा बीएड करत होतो. कुणाचा तरी ट्रक रस्त्यात बंद पडला होता. आपल्याकडं रीतच आहे, गाडी बंद पडली की मागं वीस-पंचवीस पावलांवर दगड मांडायचे, जमली तर बाभळीची फांदी टाकायची, म्हणजे मागचा सावध होतो. त्या ट्रकवाल्यानंही मांडले. त्याचा ट्रक चालू झाला, तो निघून गेला. दगड तिथंच राहिले. अप्पांच्या स्कूटरचा दिवा तो केवढा. त्यांना दगड दिसले तेव्हा ते दगडांवरच होते. तो ट्रकवाला कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्यालाही कधी कळलं नसेल, आणि याचाच मला जास्त राग यायचा. मी त्याला मनात इतक्या शिव्या घातल्यात की त्या मोजायच्या म्हटल्या तर जन्म पुरायचा नाही.

आणि आता मीच खाली उतरून दगड शोधत होतो. खोदकामातले चांगले डोक्याएवढे निघाले. पाच दगड आणून मांडले. काचेतून आई म्हणाली, "दगडं नको रे बाळा."

"मग काय लावू? इथं फांदी कुठाय? मागून येऊन कुणी ठोकलं म्हणजे?"

"उचल मात्र आठवणीनं."

"उचलतो की! एवढं कळतं मला." मी तिच्यावर खेकसलोच.

डिकी उघडली. कॅन बाहेर काढून खड्ड्याच्या कडेला ठेवला. मोबाईलचा टॉर्च लावून तो दातात धरला. आधी डावा बल्ब काढला, तार शाबूत. उजवा काढला, तोही शाबूत. दोन्ही परत बसवले. फ्यूज बघितला, चांगला. पार्किंगचे चारही दिवे मारून बघितले, पुढचे दोन डोळे मिचकावतायत, मागचे ठार आंधळे. दिव्याच्या काचेवर थापट मारली, काही नाही. एक ट्रॅव्हल्स गाडी इतक्या जवळून हॉर्न मारत गेली की अख्खी गाडी हलली. आत आईनं "शिव शिव" म्हटलेलं मला बाहेर ऐकू आलं. मला दरदरून घाम फुटला, त्या थंडीत.

ब्रेकचा दिवा तरी लागतो का ते बघायचं होतं. पण ब्रेक दाबायचा पुढं आणि दिवा बघायचा मागं. माणूस मी एकटा. पेडलवर दगड ठेवला तर घसरला. मी आईबापावरून सगळ्या शिव्या दिल्या, गाडीला.

"कशाला तडतड करतोस," आई म्हणाली. "मी दाबते की."

"तू? पडून राहा गप."

तिनं ऐकलं असतं तर ती माझी आई कसली. कण्हत कण्हत पुढं सरकली, दोन सीटांच्या मधून काठी घातली, आणि मी दाखवलेल्या पेडलवर काठीचं टोक टेकवलं.

"दाब!"

"दाबलं."

मागं अंधार. "नीट दाब!"

"नीटच दाबलं रे. माझ्यावर कशाला वरडून राहिलास? हे बघ, दाबलं की इथं समोर काटे उजळून राहिले. सोडलं की विझतंय."

"कसले काटे?"

"ते गाडी किती पळती ते दाखवतंय ना, ते."

हेडलाईट तेव्हा बंद होते. मीटरचा दिवा लागायचं काही कारणच नव्हतं. मी धावत पुढं आलो. "दाब." काटे मंद उजळले. "सोड." विझले. तिथंच मी कपाळावर हात मारून घेतला. करंट ब्रेकच्या बल्बपर्यंत जात होता, पण त्याला परत यायला जागा नव्हती, म्हणून तो वाट चुकून मागच्या दुसऱ्या तारेतून मीटरकडं येत होता. अर्थिंग गेलं होतं! बल्ब तपासले, फ्यूज तपासला, आणि जे पोरांना पहिल्या तासाला सांगतो, की बाबांनो करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो, ते मास्तरलाच आठवलं नव्हतं. दहा मार्कांच्या प्रश्नात भोपळा.

डिकीतलं डावीकडचं कार्पेट उचललं. खाली ओल. मागच्या सगळ्या दिव्यांची अर्थिंगची काळी तार जिथं पत्र्याला स्क्रूनं आवळलेली असते, नेमक्या त्याच जागी गंजाचा लाल लगदा झाला होता. कितीतरी वर्षं, महिन्याला थोडं थोडं, महादेवाचं पाणी तिथं झिरपत होतं. स्क्रूला हात लावला तर त्याचं डोकंच हातात आलं.

"काय सापडलं?" आईनं विचारलं.

"तुझं पाणी सापडलं."

"कॅन गळतोय म्हणून मी सांगत न्हवते?"

 तार ओढून घेतली, वीतभर मोकळी झाली. डिकीच्या कुलपाचा बोल्ट ढिला केला, खालचा रंग पान्याच्या टोकानं खरवडून पत्रा पांढरा केला, तारेचं टोक त्याखाली घालून आवळलं. घाईत दोनदा पाना पडला. "दाब!" म्हणालो.

आईनं दाबलं आणि रस्ता लालभडक झाला.

मी खरंच उडी मारली. पन्नाशीचा माणूस, मुखेडच्या रस्त्यावर. "सोड! पुन्हा दाब! आता लाईट लावतो... लागले! आई, लागले!" आईपण हसली. मी कॅन डिकीत ठेवला, या वेळी उजव्या बाजूला, हात पुसले, आईला उशांवर नीट बसवलं आणि गाडी काढली. वाटभर मी तिला अर्थिंग समजावून सांगत होतो. मीटर उजळला ते तिनं बघितलं नसतं तर आपण अजून तिथंच असतो, असंही म्हणालो. फार खुशीत होतो मी.

चारेक किलोमीटर गेल्यावर आईनं विचारलं, "दगडं उचललास?"

  मी करकचून ब्रेक दाबला.

"फिरव," आई म्हणाली. एवढंच. त्यापेक्षा तिनं मला चपलेनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाडी वळवली. आता समोरून जे येत होते, ते दगडांची जागा पार करून आलेले. समोर दिवा दिसला की मी मनात म्हणायचो, हा सुटला. ट्रक आला, सुटला. जीप आली, सुटली. एका मोटारसायकलवर नवरा, बायको आणि मधे शालीत गुंडाळलेलं लेकरू होतं. ते दिसल्यावर माझ्या तोंडून हुंदकाच फुटला. मग एक लांब वळण लागलं आणि समोरून काहीच येईना. मिनिट झालं, दीड मिनिट झालं, एक दिवा नाही. तिकडं कुणी येतच नाहीये, की कुणी आलेलं उठत नाहीये? मागं आईनं पुन्हा धरलेला जप बंद पडला होता. तीही दिवेच मोजत असणार.

पाइपलाइनचा ढिगारा दिसला. पलीकडं कोण पडलंय का, हे बघायची माझी छाती होईना. हेडलाईट पडला. दगड होते. पाचच्या पाच, मी मांडले तसे. आणि कोणी नव्हतं.

पुढं जाऊन गाडी वळवली आणि दगडांच्या मागं आणून उभी केली, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी गाडी दिसेल. पण पार्किंगच्या दिव्यांचा उजेड मला पुरेसा वाटेना. ते मी बोललो नाही, तरी मागं उशा सरकल्याचा आवाज आला. आईनं सीटांमधून काठी घातली. ब्रेकचे दिवे भडकले.

"जा," ती म्हणाली. "मी दाबून धरते."

पहिला दगड उचलला तेव्हा तो मघापेक्षा जड लागला. एकेक खड्ड्यात टाकत गेलो. एक ट्रक मागून आला, लांबूनच त्यानं वेग कमी केला आणि वळसा घालून गेला. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या, तोही असाच घाईत, असाच खुशीत निघून गेला असेल. त्याच्या गाडीत विचारणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक. मी रस्त्यावर बसून रडलो. मग उठून फुटकी खडीसुद्धा पायानं बाजूला सारली.

परत येऊन दार उघडलं. आईच्या कपाळावर घाम होता, खुबा नक्की दुखत असणार.

"झालं आई. सगळे उचलले. सोड आता."

"मोजलास?"

"पाच. पाचही टाकले."

"पुन्हा एकदा बघून ये," ती म्हणाली, आणि मी जाऊन परत येईपर्यंत तिनं काठी काढली नाही.