जागची न हललेली खुर्ची

माझ्या जिभेला हाड नाही असं माय म्हणायची, आणि ती हे कौतुकानं म्हणते असा बरीच वर्षं माझा समज होता.

आम्ही तेव्हा अजनीला राहत होतो. बाबा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. दोन खोल्या, पुढे छपरी, छपरीपुढे उघडी नाली आणि नालीवर पाय टाकायला एक अरुंद फरशी. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी ताई जन्मापासून अधू. हातपाय ताठ, मान डुगडुगती, आणि एक वाक्य बोलायचं तरी तिला घाम फुटायचा. डोकं मात्र घरात सगळ्यात तल्लख. आडवं ठेवलं की तिला ठसका लागायचा, म्हणून बसवूनच ठेवावं लागे, आणि आधाराशिवाय तिला बसता येत नसे. भिंतीला टेकवली तर एका बाजूला घसरायची. मग माय तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. तशीच बसून तांदूळ निवडायची, भाजी चिरायची, तशीच डुलकी घ्यायची. रात्री ती आणि बाबा आळीपाळीनं बसत.

मग एका संस्थेनं सरकारी मदतीतून चाकांची खुर्ची दिली. उंच पाठ, दोन्हीकडे हात, पाय ठेवायला पट्टी. नालीवरच्या फरशीवरून ती जाईना आणि आतल्या दारातूनही शिरेना, त्यामुळे ती छपरीतच राहिली. रोज दुपारी जेवणं झाली की माय ताईला उचलून तिच्यात बसवायची, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं सैलसर बांधायची आणि स्वतः समोर चटई टाकून आडवी व्हायची. तासभर ताई हूं की चूं करत नसे. रस्ता बघत बसते, तिला करमतं, असं आम्ही सगळे म्हणायचो.

त्या वेळी मी कॉलेजात असायची. मला दिसायची ती फक्त जागची न हललेली खुर्ची. वर्ष होत आलं तरी चाकांचं रबर नव्यासारखं काळं कुळकुळीत. दिली खुर्ची, काढला फोटो, झालं यांचं काम, असं म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसत असे.

वर्षानंतर संस्थेकडून एक गृहस्थ छापील फॉर्म घेऊन आले. दिलेल्या वस्तूचा घरच्यांना कितपत उपयोग होतो, ते त्यांना बघायचं होतं. रविवार होता, म्हणून मी घरी होते. मायनं त्यांना चहा दिला आणि पदर सावरून उत्तरं द्यायला लागली.

"बहुत कामाची हाये साहेब."

"बाहेर नेता का हिला?"

"नेतो न. रोज नेतो."

देणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या वस्तूची खोट काढायची नाही, ही तिची रीत. लग्नात आलेल्या फुटक्या कपबश्यांनाही ती छानच म्हणायची. माझं डोकं सणकलं.

"काहून खोटं बोलून राहिली वं माय? साहेब, हे खुर्ची कधी नालीपार गेली नाही. चाकं बघा तिचे. काही उपयोग नाही हिचा."

मायनं माझ्याकडे असं पाहिलं, की एरवी मी गप्पच झाले असते. पण त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि मला आणखी चेव आला. नाली किती रुंद, दार किती अरुंद, सगळं सांगितलं. मला खरंच वाटत होतं की खरं सांगितलं म्हणजे उपाय होईल. कुणीतरी येऊन रुंद फरशी टाकेल, दार मोठं करून देईल. ताई खुर्चीत बसून ऐकत होती. तिचे ओठ हलायला लागले होते. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण तिचं वाक्य सुरू व्हायच्या आत गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं होतं. माणूस वाईट नव्हता. मला म्हणाले, "बेटा, तुझ्यासारखं स्पष्ट कोणी सांगत नाही."

महिन्याभरानं पत्र आलं. खुर्चीचा उपयोग होत नसल्याचं कुटुंबीयांनीच कळवलं आहे, त्यामुळे ती दुसऱ्या गरजूला देण्यासाठी परत न्यावी असं ठरलं आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ती अति शहाणी मीच. मी संस्थेत धावले. टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकलं. त्या म्हणाल्या, "फिरायला नाही, पण बसायला लागते, हे तेव्हा का नाही सांगितलं? आता नवीन अर्ज करा. पण यादी मोठी आहे." त्यांच्या यादीतली माणसंही कुणाच्या तरी पाठीला पाठ लावून बसलेली असतील, हे कळत असल्यामुळे मला धड भांडताही आलं नाही.

रिक्षा घेऊन दोघं आले तेव्हा मायनं खुर्ची ओल्या फडक्यानं पुसून दिली. मीच रात्री तिच्याजवळ जाऊन रडायला लागले, तेव्हा म्हणाली, "बोलली त बोलली. जाऊ दे." तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांनी खोक्याच्या फळ्यांची एक खुर्ची ठोकली, पण ताई तिच्यातून घसरायची. मग दुपारचे तास बुडवून मी घरी यायला लागले. मायला म्हटलं, "तू झोप, मी बसतो." ती आतल्या खोलीत जाऊन पडायची आणि मी छपरीत ताईच्या पाठीला पाठ लावायची. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात माझी कंबर मोडून आली. मायनं हे वीस-बावीस वर्षं केलं होतं.

आठवड्याभरानं मी ताईला विचारलं, "तुले रस्ता दिसावा म्हणून थोडं तिकडं सरकू काय?"

मग तिची पाठ ताठ झाली. बोलायच्या आधी ती अशीच ताठ व्हायची.

"रस्ता नाही पाहे मी," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला थांबत, धापा टाकत. "माय… पाठीमागंच राहे. खुर्चीत बसली… का मले तिचं तोंड दिसे."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "झोपलेली… चांगली दिसे."

मग आणखी एक वाक्य जुळवायला तिला खूप वेळ लागला. मी थांबले. आधी कधी तिच्यासाठी इतकी थांबले नव्हते.

"त्या साहेबानं… मले नाही विचारलं. तूनंही नाही विचारलं."

मी तोंडात ओढणी कोंबून रडत होते. माझी पाठ हलत होती. ते तिला कळलं असेल. माझं तोंड दिसलं नाही.