चाडं माझं, पाचर आबांची

आमच्या गावच्या तिफणीला, म्हणजे तीन दात्यांच्या पेरणीच्या औताला, भागात मोठं नाव होतं. तीर्थपुरीच्या बाजारात कुणी विचारलं, की तिफणीवरचं हे चाडं कुणाच्या हातचं, तर माणसं बेधडक माझ्या वडिलांचं, आबांचं नाव घेत. मी तिथंच पोळपाट-लाटणी मांडून बसलेली असे. ऐकून घेई आणि गिऱ्हाइकाला लाटणं दाखवी. ते चाडं माझं होतं. एवढं एक वाक्य लिहायला माझं सगळं आयुष्य गेलं, आणि आत्तासुद्धा लिहिताना हात आखडतो. कारण हे खरं धरलं, तर आबांनी देवासमोर शपथ घेताना उचललेला बेलभंडारा खोटा ठरतो.

गावकीचं सुतारकाम आमच्या घरात होतं. नांगर, वखर, तिफण, गाडीची चाकं, लग्नातले पाट, सगळं आबा करत आणि सुगीला खळ्याखळ्यावर जाऊन बलुत्याचं धान्य आणत. आबांना मुलगा नव्हता. मोठा ओंडका कापायचा तर करवतीचं दुसरं टोक धरायला माय, आणि माय थकली की मी. परकर नेसत होते तेव्हापासून मी ते टोक ओढत आले. चांभाराची नजर जोड्यावर म्हणतात, तशी माझी लाकडावर. बाभळीचा बुंधा बघून त्यात तिफणीचे फण, म्हणजे दाते, किती निघतील, हे मी मनातल्या मनात सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आबा हसायचे. म्हणायचे, देवानं घाईत पोरगी करून टाकली.

माझं लग्न नवव्या वर्षी झालं. नांदायला जायच्या आधीच नवरा तापानं गेला. त्याचं तोंडही मला धड आठवत नाही, पण त्याच्या नावानं कपाळ पांढरं झालं ते कायमचं. आमच्या घरात पाट लावायची, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न करायची, रीत नव्हती. मग मी माहेरीच राहिले. शेण काढायला, पाणी भरायला, दळायला माझा हात सगळ्यांना चालायचा. हळद कुटायची असली, की तोच हात कुणाला दिसू नये असं सगळ्यांना वाटायचं. मला याचा राग यायचा आणि तो राग मी जात्यावर काढायची. आमच्याकडचं पीठ त्यामुळं गावात सगळ्यांत बारीक असायचं.

मी सोळा-सतरा वर्षांची असताना ऐन चैत्रात आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. पेरणीचा मिरग तोंडावर आलेला आणि निम्म्या गावाच्या तिफणी दुरुस्तीला आमच्या दारात पडलेल्या. वडीगोद्रीहून आबांचा पुतण्या भेटायला आला. चांगला कारागीर होता, त्याला नावं ठेवणार नाही. आबांच्या उशाशी बसून त्यानं हळूच सांगितलं, की गावकीचं काम तो बघेल, आबांनी आता बिलकुल चिंता करू नये. म्हणजे वतन त्याच्याकडं जाणार आणि आम्ही तिघं त्याच्या ताटातलं खाणार. आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

तो गेल्यावर मी परसातल्या छपरात जाऊन वाकस उचलला. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार. आमच्यात बाईनं त्याला दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं, हात लावायचा नाही, आणि मला तर हळदकुंकूही वाहता येत नव्हतं. माय कपाळावर हात मारून घेऊन म्हणाली, की गाव तोंडात शेण घालील. आबा बाजेवरून बघत होते. मग मायला एवढंच म्हणाले, "परसाचं दार लावून घे."

त्या दिवसापासून आमची तऱ्हा ठरली. आबा पुढं ओट्यावर बाजेवर बसत, मांडीवर एखादा तुकडा आणि डाव्या हातात पटाशी. मी मागं कुडाआड काम करी. आलेल्या माणसाला ठकठक ऐकू येई. कुणी विचारलं, आत कोण काम करून राह्यलं, तर आबा खोकत. खोकला हे त्या काळात आमच्या घरातलं सगळ्यांत उपयोगी हत्यार होतं.

पहिल्या फणाचा मी चोथा केला. दुसरा उभा फाटला. आबा ओट्यावरून नुसत्या आवाजावर ओळखायचे, की घाव कुठं चुकला, आणि जड जिभेनं शिव्या द्यायचे. त्या शिव्या मला गोड लागायच्या, कारण तशा शिव्या ते कारागिरालाच देत. माझे तळहात फुटले, वाळले, पुन्हा फुटले. मिरगाच्या आत मात्र दारातल्या सगळ्या तिफणी उभ्या राहिल्या.

एक काम तेवढं आबा मला करू देत नसत. फण खोडात, म्हणजे तिफणीच्या आडव्या लाकडात बसवले, की ते हलू नयेत म्हणून लाकडी पाचरी ठोकतात. बाकीच्या पाचरी मी ठोकायची, शेवटची आबांची. तिफण ओट्यावर त्यांच्यापुढं आणून ठेवायची, मी फण धरायचा, आणि ते डाव्या हातानं हातोडी घालायचे. नेम चुकायचा. कधी माझ्या बोटावर बसायची. मी एकदा चिडून म्हटलं, की एवढ्यानं काय अडलंय. ते म्हणाले, "शेवटची पाचर ज्याची, त्याची तिफण." मला वाटलं म्हातारा हट्टी आहे, घरधनीपण सुटत नाही. मी बोट चोखलं आणि फण पुन्हा धरला.

चाड्याची गोष्ट दोन वर्षांनंतरची. चाडं म्हणजे तिफणीवर बसवलेली लाकडी वाटी. तिच्या तळाला तीन भोकं, त्यांतून तीन नळ्या खाली जातात. तिफणीमागं चालणारी बाई मुठीनं चाड्यात बी सोडते आणि ते तीन ओळींत पडतं. आता ही मूठ बायकांची, पण चाडं कोरणारा गडी. त्यानं कधी मूठ धरलेली नसते. विहिरीवर बायका आपसांत कुरकुरायच्या, की मधल्या ओळीत बी दाट पडतं, कडेच्या ओळी विरळ राहतात, आणि मग नवरे मुठीला नावं ठेवतात. हे गाऱ्हाणं त्यांच्या आज्यांपासूनचं होतं. कुठल्या सुतारापर्यंत ते पोचलंच नव्हतं, कारण सुतार विहिरीवर पाण्याला जात नाही.

मी जात होते. मी चाड्याचा तळ सपाट न ठेवता मध्ये थोडा उंचवटा ठेवला, जात्याच्या खुंट्याभोवती दाणे जसे सगळीकडं घरंगळतात तसा. तीन-चार चाडी फुकट गेली. पाचव्यात बाजरी ओतली आणि तिन्ही नळ्यांतून सारखी धार पडली. मी एकटीच छपरात बसून ओतत राहिले. तेवढी खुशी मला पुढं कशानंच झाली नाही. आबांना दाखवलं, तर त्यांनी तळावरून अंगठा फिरवला आणि चाडं परत माझ्या हातात दिलं. त्यांचे डोळे भरले होते. त्या मोसमात ती चाडी गावभर गेली. पेरणीच्या पूजेला मी कुठल्याही शेतात जाऊ शकत नव्हते. माय जाऊन आली आणि म्हणाली, की तिन्ही ओळी बराबर आल्यात. मी उगवलेलं रान लांबून, बांधाच्या अलीकडून बघितलं.

घात त्याच चाड्यानं केला. वडीगोद्रीचा चुलतभाऊ सुगीत गावात आला आणि कुणाच्या तरी गोठ्यात त्यानं ते चाडं उलटंपालटं करून बघितलं. कारागिराला कारागिराचा हात कळतो. हे काकाच्या हातचं नाही, हे त्यानं ओळखलं, आणि मग कुणाच्या हातचं हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. त्यानं पाटलाच्या कानावर घातलं, की पांढऱ्या कपाळाच्या बाईचा हात लागलेल्या तिफणीनं गाव पेरून राह्यलंय. दोन दिवसांत मारुतीच्या पारावर पंच बसले.

आबांना बाजेसकट उचलून नेलं. मी बायकांत, पाराच्या खाली उभी. पंचांतल्या निम्म्यांना आतलं सगळं ठाऊक असणार, असं मला आता वाटतं. ठकठक काय नुसत्या कुत्र्यांनी ऐकली होती? पण ठाऊक असणं वेगळं आणि चारचौघांत उघडं पडणं वेगळं. उघडं पडलं असतं, तर त्यांना काहीतरी करावंच लागलं असतं. पाटील म्हणाले, की लांबड नको, आबांनी बेलभंडारा उचलावा आणि तिफणी त्यांच्या हातच्या आहेत असं सांगावं, की वाद मिटला. खोटा भंडारा उचलणाऱ्याचं घर बसतं, धुळीला मिळतं, हे आम्ही सगळेच मानत होतो आणि आबा तर फारच.

भंडारा उजव्या हातात घ्यावा लागतो. आबांचा उजवा हात उचलेना. पाटलांनी स्वतः तो धरून वर केला आणि त्यावर बेल आणि भंडारा ठेवला. आबा सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलले.

"शेवटची पाचर ज्याची, त्याची तिफण. ह्या गावातली एकबी तिफण माझ्या पाचरीबिगर उभी राह्यली न्हाई. देवाची आण."

चुलतभाऊ म्हणाला, "आन् चाडं कुणी कोरलं, काका?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तिफण माझी म्हंजी चाडं माझंच," ते म्हणाले.

पाटील उठले, लोक उठले. वतन राहिलं, घर राहिलं. मायनं वाटेतच पदर तोंडाला लावून रडून घेतलं. मला कळलं, की ती चुकत-माकत ठोकलेली पाचर हट्ट नव्हती. पहिल्या दिवसापासून आबांना हा पार दिसत होता आणि देवासमोर खोटं बोलावं लागू नये म्हणून ते प्रत्येक तिफणीत आपलं एक खरं ठेवत आले होते. ते माझ्यासाठी होतं, हे मला समजलं. तरीही त्या रस्त्यानं चालताना माझ्या मनात एकच घुमत होतं, की माझं चाडं आता देवाच्या साक्षीनं माझं राहिलं नाही. चोरानं नेलं असतं तर मी आरडाओरडा केला असता. बापानं वाचवायला म्हणून घेतलं, तिथं काय बोलणार?

पुढं सात-आठ वर्षं मी कुडाआड काम केलं. आता ठकठक ऐकून कुणी विचारतही नसे. भंडाऱ्यानं सगळ्यांचे कान बंद केले होते. अंबडकडचे, घनसावंगीकडचे सुतार ते चाडं बघून तसंच कोरायला लागले आणि त्याला आबांचं नाव पडलं. आबांनी ते ऐकलं, की ते मान खाली घालत. आमच्या दोघांत त्याविषयी कधी बोलणं झालं नाही. मी जेवायला वाढायची, ते जेवायचे, आणि मध्ये ते चाडं असायचं.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी आबांनी अंथरूण धरलं. वैशाखात पाटलांची नवी तिफण पुरी झाली. पाटील सालगड्याला घेऊन स्वतः न्यायला आले आणि अंगणात उभे राहिले. मी नेहमीसारखी तिफण आबांपुढं ठेवली, पाचर लावून फण धरून बसले. आबांनी डाव्या हातात हातोडी घेतली, थोडी उचलली, खाली ठेवली. मग दांडा माझ्याकडं केला.

"तू ठोक," ते म्हणाले. मी ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाले, "तुझी हाय. ठोक जल्दी."

पाटील बघत होते. सालगडी बघत होता. माझ्या डोक्यात पार, भंडारा, घर बसणं, सगळं एकदम आलं. आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, की एवढी वर्षं गिळल्यावर आता देताय, आता मी घेऊ कशी? मी दांडा त्यांच्याच बोटांत परत घातला आणि वरून माझी मूठ आवळली.

"न्हाई आबा," मी म्हटलं. "पाचर तुमचीच."

आम्ही दोघांनी मिळून ती ठोकली. तिरकी बसली. पाटील तिफण घेऊन गेले. आबा मिरग लागायच्या आत वारले आणि पाचर ठोकायला कुणी उरलं नाही म्हणून वतन चुलतभावाकडं गेलं. त्यानं मला कधी उपाशी ठेवलं नाही. पोळपाट-लाटण्यांवर मी माझं पोट भरलं, चाळिशीनंतर अक्षरंही शिकले, आणि कामाच्या बाबतीत मी कुणाला हार गेले नाही.

पण मला राहून राहून वाटतं, की मी त्या दिवशी कुणाची लाज राखली? भंडारा आबांनी उचलला होता आणि तो मोडायला आबाच तयार झाले होते, पाटलांच्या देखत, मरणाच्या दारात, घर बसलं तर बसू दे म्हणून. त्यांना माझं मला परत देऊन जायचं होतं. मी ते घेतलं नाही, आणि आबा ते ओझं तसंच घेऊन गेले.