सूनबाई, उतरा

लग्न होऊन पिंपळीला आले तेव्हा सासरच्या दारात एक म्हातारा ट्रक उभा होता, आणि त्याचं नि माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मी आत बसले की तो सुरू व्हायचा नाही. आमचे हे किल्ली फिरवायचे, खालून नुसतं ‘टक्’ व्हायचं नि पुढं शांतता. त्या शांततेत सासूबाई माझ्याकडे बघायच्या.

बरं, कायमचा बंद पडला असता तरी मी सुटले असते. पण तसं नव्हतं. यांनी एकट्यानं ऊस नेला, विटा नेल्या, मुरूम नेला की गाडी एका किल्लीत सुरू. बारामतीला मिस्तरीकडं नेली की तिथं तर ती इतकी शहाण्यासारखी वागायची, की मिस्तरी म्हणायचा, “दुखणं दाखवा की राव, नुसतं सांगताय काय!” त्यानं तरी किती करावं? सेल्फ खोलला, साफ करून बसवला, सीट उचलून बॅटरीतलं पाणी बघितलं, वायरी बघितल्या. सगळं चांगलं. गाडी घरी आली, मी बसले, टक्.

मग धक्का मारायला माणसं गोळा करायची. नवी सून वर बसलीय आणि गाव गाडी ढकलतंय हे बरं दिसत नाही, म्हणून मी मुकाट खाली उतरायचे. सासूबाई मात्र आतच, कारण त्यांचे गुडघे. माणसं हात लावायच्या आत हे आपले एकदा उगीच किल्ली फिरवून बघायचे, आणि गाडी घुर्र करून सुरू! आलेली माणसं आधी गाडीकडं बघायची, मग माझ्याकडं. असा संताप यायचा म्हणून सांगू! एकदा कुणी नाही बघून मी त्या ट्रकला लाथ घातली. अंगठा सुजला, माझाच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामा. घर बौद्ध. मामांनी ऐन तरुणपणी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आणि त्या जन्मभर पाळलेल्या. गाडीला लिंबू-मिरची नाही, काळी बाहुली नाही, काचेपुढं बुद्धाची एक छोटी मूर्ती तेवढी. त्यामुळं ‘सुनेचा पायगुण’ हा शब्द आमच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. आत्याबाईंची त्यानं फार अडचण झाली. त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, “लग्नाआदी गाडी कशी पळत हुती. मी काही म्हणत न्हाय.” चहा गाळताना म्हणायच्या, “काही काही माणसं आली की काही काही वस्तू रुसत्यात. मी काही म्हणत न्हाय.” दिवसभर काही न म्हणता त्या इतकं म्हणायच्या, की शेजारच्या बायका मला बघून ट्रकला हात लावेनाशा झाल्या.

शेवटी मामांनी मनावर घेतलं. मामा वालचंदनगरला एका शाळेत प्रयोगशाळेचे परिचर होते. सगळी नोकरी त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, चंचुपात्रं पुसली आणि मुलांना स्पिरिटचे दिवे वाटले. निवृत्त झाले नि हा जुना ट्रक घेतला, पण डोकं तिथंच राहिलं होतं. अंगणात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, “आपण असलं काही मानत न्हाय. म्हणूनच आपण प्रयोग करायचा.”

मला वाटलं, चला, या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे. कुठलं काय! साहित्य: ट्रक, किल्ली आणि सूनबाई. कृती: मला अंगणाच्या टोकाला लिंबाखाली उभं करायचं आणि किल्ली फिरवायची. गाडी सुरू. मला चार पावलं जवळ बोलवायचं. गाडी सुरू. मला गाडीला हात लावायला सांगायचं. सुरू. मग मला वर बसवायचं. टक्. “सूनबाई, उतरा.” मी उतरले की घुर्र. हे सगळं सकाळच्या उन्हात, अर्धी आळी बघायला जमलेली, पोरं कुंपणावर चढलेली. ताडून बघायला म्हणून मामा आत्याबाईंनाही वर बसवायचे. आत्याबाई ऐटीत आपल्या जागी जाऊन बसायच्या आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू. त्या खिडकीतून माझ्याकडं बघायच्या, तेव्हा तर काही म्हणायचीही गरज नसायची.

एकदा मी आत बसलेली असतानाच गाडी सुरू झाली. मी आनंदानं ओरडलेच. मामा शांतपणे म्हणाले, “अपवाद.”

मग मामांना शंका आली, की दोष माझ्या नायलॉनच्या साडीचा असणार. नायलॉन घासलं की वीज तयार होते, ती गाडीच्या विजेला आडवी जाते, असं त्यांचं शास्त्र. झालं, माझ्या आहेरातल्या सगळ्या साड्या ट्रंकेत गेल्या आणि मी सुती लुगड्यात. तरी टक्. मग चपला काढून बसवलं. तरी टक्. मग काचेच्या बांगड्यांवर संशय. मी यांच्याकडं बघायचे, की आता तरी बायकोच्या बाजूनं एक शब्द बोला. हे डोकं खाजवून म्हणायचे, “बॅटरी असंल.” माझ्या नवऱ्याचं ते एकच मत होतं, आणि मिस्तरीनं तेही खोडून काढलेलं.

खरं सांगते, सासरी मी काहीही ऐकून घेतलं असतं. भीती एकच होती. हे माझ्या आईच्या कानावर जायला नको होतं. माझं माहेर शेळगावचं. आमची आई बोलायला मऊ, पण मनाला लावून घेणारी. आपल्या लेकीला पांढऱ्या पायाची म्हणतात हे तिला कळलं असतं तर ती जेवली नसती. आणि वडिलांना कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्यांनाही जेवू दिलं नसतं.

आणि नेमकं आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. गावात तेव्हा एसटीडीचा डबा नुकताच आलेला, तिथं निरोप आला, की व्याही-विहीणबाईंना घेऊन या. मामा म्हणाले, गाडी काढू.

जाताना ठरल्याप्रमाणं झालं. टक्, सूनबाई उतरा, घुर्र, आणि मी चालू गाडीत चढले. त्याची मला एव्हाना सवय झाली होती. बसायची रीत ठरलेली. हे स्टेअरिंगवर. त्यांच्या शेजारी मधे आत्याबाई, ती जागा त्यांचीच. दाराकडच्या कोपऱ्यात मी, कारण नव्या सुनेनं नवऱ्याला खेटून बसायचं असतं का कुठं! दाराची कडी माझ्या बरगडीत. मामा खाली चाकापाशी उभे, कारण हँडब्रेक नावालाच होता. गाडी सुरू झाली की ते चाकाखालचा दगड काढायचे, दगडासकट वर चढायचे आणि मी आत सरकून त्यांना जागा द्यायचे.

शेळगावात जेवणं छान झाली. आत्याबाईंनी आमरसाची वाटी पुन्हा भरून घेतली, वडील नि मामा पाण्याच्या पाळ्यांवर बोलले. मी मनात बेत ठरवला होता, की निघताना काहीतरी विसरल्याचं नाटक करायचं, गाडी सुरू झाल्यावरच बाहेर यायचं. पण निरोप द्यायला सगळी आळी गाडीपाशी जमली आणि आईनं माझा हात धरून मला दारापाशी आणलं. “चढ की गं, उन्हात काय उभी राहतीस?”

मी म्हटलं, “चढते नंतर.”

आणि आत्याबाई भर सगळ्यांत म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या विहीणबाई. ती नंतरच चढलेली बरी. मी काही म्हणत न्हाय.”

आई म्हणाली, “का हो? नंतर का?”

माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे, सुरू होणार नाहीच तर निदान बरगडीत कडी घेऊन तरी बसायचं नाही. साडीचा घोळ आवरला, तरातरा चढले आणि जाऊन बसले ती थेट मधल्या जागेवर, नवऱ्याला खेटून. हे दचकून खिडकीकडं सरकले. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले, पण विहिणीपुढं काय बोलणार? त्या चढल्या आणि दाराकडच्या कोपऱ्यात बसल्या.

यांनी किल्ली फिरवली. टक्.

खालून मामा सवयीनं म्हणाले, “सूनबाई, उतरा.”

“तिनं का उतरायचं?” आई म्हणाली. वडिलांनी पान चघळायचं थांबवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संपलं, आता इथंही कळणार. मी उतरायला निघाले, पण वाटेत आत्याबाई. आधी त्या उतरल्या, एक गुडघा, मग दुसरा, मग पदर. मी अजून मधेच, आणि हे आपले सवयीनं किल्ली फिरवून मोकळे झाले.

घुर्र.

गाडी सुरू, आणि मी आत!

मामांचं तोंड मी आयुष्यात विसरणार नाही. ते ओरडले, “बंद कर! अगं, तू चढ परत.” आत्याबाई चढल्या. टक्. “उतर.” घुर्र. “पुन्हा चढ.” टक्. आत्याबाई कडाडल्या, “माझं गुडघं हायती, तुमच्या शाळंतल्या नळ्या न्हायत!”

आई अगदी मऊ आवाजात म्हणाली, “अगं बाई, विहीणबाई बसल्या की बंद पडती व्हय?”

आत्याबाईंनी सगळ्यांकडं बघितलं आणि हात नाचवत म्हणाल्या, “काहीतरीच काय! माणसाच्या बसण्यानं कुठं गाडी बंद पडती व्हय? आदी सीट उचला! खाली काय हाय ते बघा की!”

मी तोंडाला पदर लावला. हसू आवरेना आणि राग तर त्याहून आवरेना. इतके महिने दोष माझ्या पायात होता. त्या बसल्या, आणि दोष सीटखाली गेला.

सीट उचलली. तेव्हा कुठं हे खालमानेनं बोलले. बॅटरी आधी बाहेर, चेसिसला असायची. तिची पेटी गंजून तारेनं बांधलेली. लग्नात पाहुण्यांना ती दिसू नये म्हणून यांनी लग्नाच्या आदल्या आठवड्यात बॅटरी गुपचूप सीटखाली घेतली आणि वर फळी टाकली. दाराकडच्या कोपऱ्यात कुणी बसलं की ती फळी नेमकी बॅटरीच्या जाड वायरीवर दाबायची. वायर वरून अख्खी, आतून तारा तुटलेल्या. दाबली की गेली, सोडली की आली. मामांनी फळीवर तळहात दाबला: टक्. उचलला: घुर्र. मग वडिलांनी दाबून बघितलं. मग आळीतल्या प्रत्येकाला दाबून बघायचं होतं.

फळी काढून तिथं गोणपाट घातलं, वायर बाजूला घेतली आणि आम्ही निघालो. मामांनी दगड काढला, वर चढले. मी मधेच बसले होते, आणि मला कुणी सरक म्हणालं नाही.

शेळगाव मागं पडलं तशा आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मला तर पयल्यापासनं वाटत हुतं, वायरीचंच काहीतरी असंल.”

मी समोर रस्त्याकडं बघत म्हटलं, “आत्याबाई, मी काही म्हणत न्हाय.”