कुंकू लावलेले बूफर

धाकट्या बहिणीने तिच्या हळदीसाठी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "दादा, बँजो-बिंजो नको. तुझी गाडी वाजली पाहिजे."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायला आलो होतो. माझ्याकडे एक सेकंडहँड गाडी होती आणि तिच्या डिकीत मी स्वतः बसवलेले दोन सबवूफर. सगळे त्यांना बूफरच म्हणत. गाडी बऱ्याचदा ढकलून चालू करावी लागे, पण वाजायला लागली की तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या मांडणीतली भांडी थरथरत. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मी इमारतीखाली डिकी उघडून बसलो. आई पूजेचं ताम्हण घेऊन खाली आली. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. आमच्या घरात नवा स्टोव्हसुद्धा हळदकुंकू लागल्याशिवाय पेटत नसे, मग शुभकार्यात वाजणारी वस्तू कशी सुटणार? आईने बोट ओलं करून दोन्ही बूफरच्या कागदी पडद्यांवर मधोमध कुंकू टेकवलं, अक्षता वाहिल्या, फुलाने पाणी शिंपडलं. मीही हात जोडले आणि लगेच आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

सगळी इमारत गॅलरीत आली. मग फट् असा आवाज झाला आणि गाण्याच्या जागी नुसती खरखर उरली.

"मीच पाणी शिंपडलं रे," आई म्हणाली. "पोरीच्या हळदीला माझ्या हातून अपशकुन झाला."

ती वर जाऊन स्वयंपाकघरात बसली, ती दुपारी जेवलीही नाही. बहीण समजवायला गेली तर दोघीही रडायला लागल्या. वडील म्हणाले, "नवीन घेऊन ये आणि विषय संपव."

बूफर पिशवीत घालून मी मिरा रोडला सिल्व्हर पार्कजवळच्या एका दुकानात गेलो आणि झालेला प्रकार सांगितला. दुकानदाराने पिशवीत हातसुद्धा न घालता निकाल दिला. "पानी लगा ना? कॉइल गया, भाईसाब. दोनों फेंको, नया जोडी ले जाओ." नवी जोडी समोरच होती. घेतली असती तर तासाभरात गाडी वाजली असती. पण पाण्याने गेले म्हणून नवे आणले, तर आईचा अपशकुन मीच खरा केला असं झालं असतं. त्या नव्या बूफरकडे तिने कधी मान वर करून पाहिलं नसतं. शिवाय न बघता निकाल देणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग. "पहले खोल के तो देखो," मी म्हणालो. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी तडक मोरव्याला गेलो. तिथे एक म्हातारबाबा घराच्या ओटीवर बसून बँजोवाल्यांचे स्पीकर दुरुस्त करत. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी पडदा हळूच दाबला आणि कान जवळ नेला. आतून घासल्याचा आवाज नाही. मग पेन्सिल सेलच्या दोन वायरी टेकवल्या. पडदा टक्कन पुढे आला. दुसऱ्याचाही आला.

"कॉइल जित्ती हाय," ते म्हणाले. मग एका पडद्याची कड त्यांनी माझ्यापुढे धरली. तिथे बोटभर चीर होती. "कुकू मदी हाय, फाटलाय कडंला. पान्याचा काय दोस न्हाय. बटन कोनी पिळलं व्हतं?"

"मी."

"मंग दोस तुजा हाय!"

शिव्या खाऊन इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्यांनी चिरेवर मलमलीची पट्टी चिकटवली आणि उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही असं बजावलं.

घरी येऊन मी आईला सांगितलं, "तुझ्या कुंकवाने काही झालं नाही. तुझा मुलगा मूर्ख आहे, म्हणून झालं."

"ते आम्हाला ठाऊक आहे," वडील पेपराआडून म्हणाले. आई जरा हसली, पण म्हणाली, "माझ्या समाधानासाठी सांगतोयस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बूफर बसवले आणि बटण निम्म्यावरच ठेवलं. आवाज आला, स्वच्छ आणि खोल, पोटात घुमणारा. आत्या पहिल्याच ठेक्याला उठली. शेजारच्या गुजराती काकी चपला काढून गोलात शिरल्या. आई मात्र वर गॅलरीत कठडा धरून उभी होती, पुन्हा फट् होण्याची वाट बघत. एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या गाण्याला गॅलरी रिकामी दिसली.

पदर खोचून ती सरळ गोलात घुसली आणि दोन्ही हात वर केले. आईला नाचताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं राहिलं.

"दादा, आई नाचतेय!" हळदीने माखलेली बहीण गोलातून ओरडली. मला दिसत होतं. तरी तिने आणखी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी "हो" म्हणालो.