आढ्याचा नारळ

मुलगी चौथीत. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने परदेशी खेड्यातलं लाकडी चौकटीचं जुनं चर्च निवडलं आणि वर्गात सांगून आली, "माय डॅड विल मेक इट." उत्तम मॉडेल दारातल्या टेबलावर, बाकीची जिन्याखाली. तिला दारातलं टेबल हवं होतं.

मी दुबईत जबल अलीच्या गोदामात कागद पुढे सरकवणारा माणूस. आइस्क्रीमच्या काड्यांचं माझं चर्च तीनदा कोसळलं. चौथ्यांदा उभं राहिलं, पण तेवढ्यात बायको शिंकली.

शेवटी गोदामात खोकी ठोकणाऱ्या मालवणच्या सुतारकाकांना रविवारी आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी जेवायला बोलावलं. फोटो बघून ते म्हणाले, "ह्यां तर आमचांच काम, साहेब." एका लाकडाला भोक, दुसऱ्याला जीभ, आरपार लाकडी खुंटी. संध्याकाळपर्यंत एकही खिळा न ठोकता चौकट उभी. मी बायकोला ऐटीत म्हटलं, "बघ, कसं केलं आम्ही!"

मग छपराचं सगळ्यात वरचं लाकूड, म्हणजे आढं, हातात घेऊन काका थांबले.

"नारळ खंय?"

"काका, हे चर्च आहे."

"देवाचांच घर ना? नारळ फोडल्याशिवाय आढां चढवूचां नाय."

मी 'यल्ला, चला लवकर' म्हणत खालच्या दुकानातून नारळ आणला. काकांनी तो बाल्कनीत फोडला. अर्धी वाटी आणि सगळं पाणी खाली एकाच्या नव्या पांढऱ्या गाडीवर. काका, बायको आणि मी खाली वाकून बसलो, गुन्हेगारांसारखे. त्या गडबडीत काकांनी आढ्याला कुंकू लावून देव्हाऱ्यातली तुळशीची डहाळीही बांधली. कुंकू कोऱ्या लाकडात मुरलं, पुसेना. मुलगी रडायला लागली, "दे विल पुट इट अंडर द स्टेअर्स!" मला काकांचा भयंकर राग आला.

सकाळी मॉडेल घेऊन, माफी मागायला मी स्वतः मुलीबरोबर शाळेत गेलो. तिच्या वर्गाच्या बाई इंग्लंडच्या. डहाळी बघून त्यांनी तिला हळूच बोट लावलं. मग म्हणाल्या, त्यांच्या गावी आढं चढलं की सुतार त्याला हिरवी फांदी बांधत. त्यांचे वडील सुतार होते. त्यांनी मॉडेल स्वतः उचलून दारातल्या टेबलावर ठेवलं आणि मुलीला विचारलं, "हू मेड इट?"

मी टाय नीट केला.

मुलीने माझ्याकडे बघितलं, पेन काढलं, मॉडेलला लावलेल्या नावाच्या पाटीवरचं माझं नाव खोडलं आणि लिहिलं, 'सुतारकाका'.