वाघिणीच्या तोंडी घातलेलं वाक्य

टाळेबंदी संपल्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवार पुरवणीत नायगावची कबड्डीपटू प्रज्ञा हिचं एक वाक्य छापून आलं. ते वाक्य प्रज्ञा बोललीच नव्हती. ते मी रचलं होतं — दादरच्या कचेरीत, माझ्या टेबलाशी बसून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी नको इतकं सांगून बसलेलो आहे.

पुरवणीचा विषय होता खेळाडूचे विचार आणि त्याची मानसिक कणखरता. संपादकांना निष्कर्ष आधीच सापडला होता: जो चांगले विचार करतो, तो हरल्यावर लवकर उभा राहतो. निष्कर्षाला शोभेल असा खेळाडू शोधून आणणं माझ्याकडे होतं. असं उलटं काम कसं करतात? सोपं असतं हो. क्रीडा पानावर अर्धं आयुष्य गेलंय माझं.

प्रज्ञा बीडीडी चाळीतली, वडील बस कंडक्टर. तिची ख्याती अशी की सलग दोन चढायांत पकडली गेली, तरी तिसऱ्या चढाईला ती भाजी आणायला निघाल्यासारखी जायची, आणि गुण घेऊन यायची. एका सामन्यानंतर मी तिला विचारलं, चढाईला जाताना मनात काय असतं?

"काय असणार सर? आज आपण पडणार."

"म्हणजे भीती?"

"नाय हो! पडणार, सगळ्या जणी अंगावर बसणार, घरी आई बोंबलणार — सगळं आधीच बघून घ्यायचं. एकदा बघितलं ना, की डोकं गप बसतं. मग पाय आपापलं काम करतात."

आता तुम्हीच सांगा — याहून चांगलं उत्तर मला कोण देणार होतं? पण ते निष्कर्षात बसत नव्हतं. म्हणून मी अवतरणचिन्हांत लिहिलं: "मी वाघीण आहे, मी परत येणारच, असं मनाशी म्हणत राहते."

वडिलांनी लेख लॅमिनेट करून दारावर लावला. चाळीत तिचं नावच बदललं — "ए वाघीण, पिंप भरून वाहतंय, नळ बंद कर!" मला वाटलं, ती भांडायला येईल. उत्तर तयार ठेवलं होतं — आशय तुझाच, शब्द संपादित. फोन आला तो आभाराचा.

"सर, मी असं बोलले ते आठवतच नाय मला. पण पेपरात आलंय म्हणजे बोलले असणार. आता रोज म्हणते."

खरं सांगायला ही वेळ बरी होती, नाही का? मी म्हणालो, "छान. सोडू नकोस."

त्यानंतर परळला एका सरकारी कार्यालयाच्या खेळाडू कोट्यातल्या नोकरीसाठी निवड चाचणी झाली. वयाच्या अटीमुळे प्रज्ञाची ही शेवटची संधी होती. मी बातमीसाठी हजर होतो. पहिल्या चढाईत ती पकडली गेली. त्यात नवल नव्हतं. दुसरीला ती मध्यरेषा ओलांडून आत गेली. चढाई करणाऱ्याने "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहायचं असतं, पंचांना ऐकू जाईल असं — एवढं तुम्हालाही माहीत आहे. प्रज्ञा थोडा वेळ तेच म्हणाली, आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "मी वाघीण आहे —"

पंचांनी शिट्टी वाजवली. समोरच्या मुलींनी पकड करायची सोडून पोट धरलं. नियमाप्रमाणे तिला परत पाठवण्यात आलं, गुण समोरच्या संघाला. प्रेक्षकांतून कुणीतरी डरकाळी फोडली. लोक हसले. आणि मी — हे लिहायचं टाळत होतो — मीही हसलो.

तिसऱ्या चढाईआधी ती रेषेशी थांबली. ओठ हलत होते. भाजीला निघालेली प्रज्ञा ही नव्हे. ही शाळेच्या स्टेजवर भाषण विसरलेली मुलगी होती. आत गेली न गेली तोच कोपऱ्यातल्या पोरीने तिचा घोटा धरला.

चाचणीनंतर ती माझ्याकडे आली. मला वाटलं, आता विचारेल. वाटलं, की हवं होतं?

"सॉरी सर," ती म्हणाली. "तुम्ही एवढं चांगलं लिहिलंत. माझ्याच डोक्यात ते नीट बसलं नाय."

माफी तिने मागितली. मी ती दिली. "असू दे गं," म्हणालो — आणि हिंदमात्यापर्यंत तिच्यासोबत चालत जाताना तिला चांगल्या विचारांचं महत्त्व समजावलं. ती मान डोलवत होती.

निवड यादीत तिचं नाव नव्हतं. प्रज्ञा सध्या एका साडीच्या दुकानात नोकरी करते. त्या चाचणीच्या आठवड्यात आमच्या वर्तमानपत्रात क्रीडा पानाची एक दुरुस्ती छापून आली. ती एका बुद्धिबळपटूच्या आद्याक्षरांबद्दल होती. मीच लिहिली होती. रविवार पुरवणीतल्या त्या लेखाबद्दल अद्याप दुरुस्ती छापण्यात आलेली नाही.